४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ का नाही, आणि तिच्यात आणखी काय काय आहे

प्रश्न थोडक्यात असा: ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकीनंही निःशेष भाग गेला नाही. मग २ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (मूळपणा तपासायची एक कसोटी, तिचं स्वरूप खाली येतंच) लावली, तीही पार पडली. तर ही संख्या मूळ मानायची का? तिचे इतर गुणधर्म कोणते? आणि याच वाटेनं आणखी मोठ्या संख्या तपासता येतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ही संख्या संयुक्त आहे.

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

६०० च्या पुढे ६०१, ६०७, ६१३, ६१७, ६१९, ६३१ या मूळ संख्या येतात आणि सातवी येते ती ६४१. म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावरून परतलात. पण तुम्ही आणखी सात भागाकार केले असतेत, तर अवयव सापडला असता आणि संख्येबद्दल काहीच कळलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण तिच्या अंकांकडे बघतात. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ किंवा ९ ने भाग जात नाही. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक १७, म्हणून ११ बाद. एवढं झालं की अंकांकडून मिळण्यासारखं बहुतेक सगळं मिळून जातं, कारण दशमान अंक हा आपण संख्येला घातलेला वेश आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही संख्या तयार कशी झाली? द्विमान पद्धतीत लिहिली की ही संख्या ३३ अंकी होते. पहिला अंक १, मग सलग ३१ शून्यं, आणि शेवटी पुन्हा १. म्हणजेच ती आहे २^३२ + १ (२ चा ३२ वा घात, अधिक १). पुढचं सगळं या एका ओळीतून निघतं.

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर घातांकाला १ सोडून दुसरा विषम अवयव चालत नाही. उदाहरणार्थ घातांक ६ घेतला तर २^६ + १ = ६५, आणि तिला २^२ + १ म्हणजे ५ ने भाग जातो. हे नेहमीच घडतं, कारण क्ष^३ + १ ला क्ष + १ ने भाग जातो आणि बाकीच्या विषम घातांनाही तेच लागू पडतं. म्हणून घातांक स्वतः २ चा घात असावा लागतो: १, २, ४, ८, १६, ३२. त्यातून मिळतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि आपली संख्या. यांना फर्मा संख्या म्हणतात. पहिल्या पाचही मूळ आहेत. ते पाहून १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्मानं या ओळीतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं लिहिलं, आणि सिद्धता हाती नसल्याचंही लिहिलं. १७२९ मध्ये गोल्डबाखनं पत्रातून ऑयलरला याबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरनं ६४१ हा अवयव जाहीर केला.

ऑयलरला ६४१ कसा सापडला असेल, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. २^३२ + १ चं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. ओळीनं भागत गेलं तर ६४१ चा नंबर ११६ वा. पण सगळ्या तपासायची गरजच नाही. समजा, प ही विषम मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ मानता येईल (म्हणजे प − १), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. २ चा असा सर्वांत लहान घात शोधा की ज्याची बाकी १ येते. बाकी १ देणाऱ्या प्रत्येक घातांकाला हा सर्वांत लहान घातांक भागतो. म्हणून तो ६४ ला भागणारा हवा, पण ३२ ला भागणारा नको, कारण ३२ ला भागला असता तर २^३२ ची बाकीही १ आली असती. ६४ ला भागणारा पण ३२ ला न भागणारा एकच आकडा आहे, तो म्हणजे स्वतः ६४. आता फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे प चं रूप ६४क + १ असं (क ही कुठली तरी पूर्ण संख्या). या रूपातल्या मूळ संख्या ओळीनं अशा येतात: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. आपल्या संख्येला यांनी भागल्यावर बाक्या येतात अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०. पाचव्या भागाकारात काम संपलं. प्रत्येक भागाकारही दहा अंकांचा करावा लागत नाही. ६५,५३६ ची बाकी काढा, तिचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा आणि १ मिळवा. ६४१ साठी: ६५,५३६ ची बाकी १५४, १५४ चा वर्ग २३,७१६, आणि ६४१ × ३७ = २३,७१७. बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

१८७८ मध्ये ल्यूकानं ही चाळणी आणखी बारीक केली: प चं रूप १२८क + १ असतं. कारण प ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशा प साठी २ ही कुठल्या तरी वर्गाची बाकी असते. त्या वर्गाच्या मुळाचे घात घेत गेलात तर बाकी १ यायला ६४ ऐवजी १२८ पायऱ्या लागतात. आता यादी उरते २५७, ६४१, … आणि २५७ तर आपोआप बाद होते, कारण कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो (हे खाली दाखवतो). म्हणजे ल्यूकाची चाळणी हाती असेल, तर तपासायची पहिलीच संख्या ६४१.

६४१ ने भाग जातो हे भागाकाराशिवायही दिसतं. ही सिद्धता ऑयलरची नाही, नंतरची आहे, पण मला ती फार आवडते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणून चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. ठेवलं की −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी ०. झालं.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का, हे तपासल्याशिवाय अवयव पाडले असं म्हणता येत नाही. पुष्कळ जण इथे थांबतात, पण हे काम चार भागाकारांचं आहे. या संख्येचं वर्गमूळ २,५८९ च्या आत. तिचे मूळ अवयवही १२८क + १ याच रूपाचे असणार, कारण तेही २^३२ + १ ला भागणारच. २,५८९ च्या आत अशा मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यातली २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागल्यावर बाक्या येतात ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. दहा अंकी संख्येचे पूर्ण अवयव आणि त्यांच्या मूळपणाची खात्री, सगळं वहीच्या एका पानावर मावतं.

आता तुमच्या चाचणीकडे. फर्माची चाचणी म्हणते: न मूळ असेल तर २^(न−१) ची न ने भागल्यावरची बाकी १ येते. तुम्हाला १ आली, आणि गणित बरोबर आहे. पण या संख्येसाठी २ हा पाया जन्मतः आंधळा आहे. न = २^३२ + १, म्हणून २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची १. न − १ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो. त्यामुळे उत्तर १ येणारच, न मूळ असो वा नसो. प्रत्येक फर्मा संख्येबाबत हेच घडतं. त्याहून कडक समजली जाणारी मिलर–राबिन चाचणीही (हीत शेवटच्या बाकीबरोबर वर्ग करत जातानाच्या मधल्या बाक्याही बघतात) २ च्या पायावर या संख्येला पास करते, कारण वर्ग करत जाताना पाचव्याच पायरीला −१ येतं. चाचणी पार पडली एवढ्यावरून मूळपणा सिद्ध होत नाही. नापास झाली तर मात्र संयुक्तपणा सिद्ध होतो.

पाया ३ घ्या. ३^(२^३२) ची बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. ती १ नाही, म्हणून संख्या संयुक्त, एकही अवयव न शोधता. यासाठी ३ पासून सुरुवात करून फक्त ३२ वेळा वर्ग आणि बाकी करायची. फर्माकडे प्रमेय स्वतःचंच होतं आणि कष्ट हातानं करण्याजोगे होते. त्यानं हे केलं असतं तर आपला अंदाज त्यानं स्वतःच मागे घेतला असता. १८७७ मध्ये पेपँनं फर्मा संख्यांसाठी अशीच पक्की कसोटी दिली. तिचं आज रूढ असलेलं रूप असं: ३ चा (न−१)/२ वा घात घ्या, बाकी −१ आली तर आणि तरच न मूळ (पहिली फर्मा संख्या ३ सोडून). आपल्या संख्येसाठी ती बाकी १,०३,२४,३०३ येते. तिचा वर्ग करून न ने भागलंत की वरचीच ३,०२,९०,२६,१६० मिळते, पडताळून बघा.

सर्वसाधारण संख्यांसाठी एक उपयोगी गोष्ट: ४,७५,९१,२३,१४१ पेक्षा लहान कुठल्याही विषम संख्येसाठी २, ७ आणि ६१ हे तीन पाये घेऊन मिलर–राबिन केली, तर उत्तर निर्विवाद असतं (पाया म्हणजेच तपासायची संख्या, अशी वेळ आली तर तो पाया सोडायचा). आपली संख्या त्या मर्यादेच्या आत आहे.

प्रोग्राम लिहून तपासणार असाल तर एक खबरदारी. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ मावते. आपली संख्या तिच्याहून दोननं मोठी, म्हणून तिथे ती गुपचूप १ होऊन बसते. ६४ बिट घेतलेत तरी एक खड्डा राहतो: बाकी २^३२ आली आणि तिचा वर्ग केला, तर २^६४ हा आकडा ६४ बिटांत मावत नाही, आणि १ च्या जागी ० मिळतो. २ च्या पायाच्या चाचणीत नेमकी हीच पायरी येते. कुणाला ० आला असेल तर दोष गणिताचा नाही, भांड्याच्या मापाचा आहे. १२८ बिटांचा किंवा हव्या तेवढ्या लांबीचा पूर्णांक वापरा. नाहीतर २^३२ ची बाकी −१ असते याचा फायदा घ्या: बाकी २^३२ च आली तर ती −१ धरा, एरवी गुणाकाराचा खालचा ३२ बिटांचा भाग घ्या, त्यातून वरचा भाग वजा करा, उत्तर ऋण आलं तर न मिळवा. १,००१ ने भागताना आपण तीन-तीन अंकांचे गट आलटून पालटून वजा करतो, तेच तंत्र.

आता या संख्येचा मला सर्वांत देखणा वाटणारा गुणधर्म. तिच्या रचनेवरून ती दोन वर्गांची बेरीज आहे हे उघडच आहे: ६५,५३६^२ + १^२. पण ती आणखी एका तऱ्हेनं दोन वर्गांची बेरीज होते:

४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४^२ + २०,४४९^२

मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होत असेल तर ती एकाच तऱ्हेनं होते. दोन तऱ्हा सापडल्या की संयुक्तपणा सिद्ध झाला. शिवाय या दोन तऱ्हांतून अवयवही काढता येतात. मोठ्या संख्यांचा फरक ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ = ८ × ४०९, आणि लहानांचा फरक २०,४४९ − १ = २०,४४८ = ८ × २,५५६. बेरजा घेतल्या तर १,२७,८०० = ५० × २,५५६ आणि २०,४५० = ५० × ४०९. यातून ४०९ आणि २,५५६ ही जोडी वर येते, आणि ४०९^२ + २,५५६^२ = ६७,००,४१७. दुसरी जोडी ८ आणि ५० यांची निमपट, म्हणजे ४ आणि २५; ४^२ + २५^२ = ६४१. दोन्ही अवयव हातात. जाता जाता, २०,४४९ हा १४३ चा वर्ग आहे, म्हणून ही संख्या ६२,२६४^२ + १४३^४ अशीही लिहिता येते. यामागे काही खोल कारण असल्याचं मला दिसत नाही; योगायोग म्हणून सोडून देतो.

दोन वर्गांच्या वजाबाकीची तऱ्हा मात्र इथे निरुपयोगी. ३३,५०,५२९^२ − ३३,४९,८८८^२ हे बरोबर आहे, पण फर्माच्या अवयव पाडण्याच्या पद्धतीनं वर्गमूळापासून एकेक पायरी चढत तिथे पोचायला सुमारे ३३ लाख पायऱ्या लागतील. ती पद्धत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा चालते. इथे एक तीन अंकी, दुसरा सात अंकी.

नेहमीचे गुणधर्म पटकन: विभाजक चारच (१, ६४१, ६७,००,४१७ आणि स्वतः संख्या). सगळ्या विभाजकांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या मानानं नगण्य. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.

वर सामाईक अवयवांचं दाखवायचं राहिलं होतं. ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोननं कमी. आधीच्या एखादीशी सामाईक अवयव असता तर तो २ लाही भागला असता, आणि इथे सगळ्याच संख्या विषम. हीच मांडणी प्रत्येक टप्प्याला लागू पडते. प्रत्येक फर्मा संख्येला नवा मूळ अवयव असतो, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत; ही सिद्धता गोल्डबाखनं १७३० मध्ये ऑयलरला कळवली होती.

या वजा दोनचा भूमितीशीही संबंध आहे. १७९६ मध्ये गाऊसनं १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासनं काढता येतो हे दाखवलं. विषम बाजूंचा सुसम बहुभुज तेव्हाच काढता येतो, जेव्हा बाजूंची संख्या ही फर्मा मूळ संख्या असते किंवा वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असतो. ही अट आवश्यकही आहे हे वांतझेलनं १८३७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांपैकी आज माहीत असलेला सर्वांत मोठा तोच आहे. एक बाजू वाढवली की २^३२ बाजू, म्हणजे चौकोनाच्या बाजू दुप्पट करत गेलं की झालं. आणखी एक वाढवली की आपली संख्या, आणि रचना अशक्य.

दशांशाचंही एक टिपण. १/६४१ चा आवर्ती दशांश ३२ अंकांनी पुन्हा सुरू होतो, आणि त्याचं कारणही ५ × २^७ + १ यातच आहे. त्यावरून १० × २^६ ची बाकी −१ येते, म्हणजे १० हा २ च्या घातांत लिहिता येतो, आणि २^३२ ची बाकी माहीत असल्यानं १०^१६ ची बाकी −१ व १०^३२ ची बाकी १ मिळते.

तुमचा शेवटचा प्रश्न पुढच्या संख्यांचा. पुढची फर्मा संख्या २^६४ + १, वीस अंकी. तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१, दोन्ही मूळ. त्यांचं रूप २५६क + १, आणि लहान अवयवासाठी क = १,०७१. मूळ नसलेल्या वगळल्या तर हे काम हातानंही होतं, पण चिकाटी लागते. लांद्रीनं १८८० मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी हे अवयव प्रसिद्ध केले. त्याच्या पुढच्या २^१२८ + १ ला ही युक्ती पुरत नाही, कारण तिचा लहान अवयवच १७ अंकी आहे. तो १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर काढला, तोही वेगळ्याच पद्धतीनं. मोठ्या घातांकांना चाळणी पुन्हा उपयोगी पडते, कारण अवयवाचं रूप जितकं आवळलेलं तितके उमेदवार कमी. घातांक २^५ पासून २^३२ पर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त असल्याचं ठाऊक आहे. त्यातल्या घातांक २^२० आणि २^२४ असलेल्या दोन संख्यांचा मात्र एकही अवयव अजून मिळालेला नाही. त्यांचा संयुक्तपणा पेपँच्या कसोटीनंच कळला. घातांक २^३३ असलेल्या संख्येसाठी ती कसोटी लावायची तर अडीच अब्जांहून अधिक अंकांच्या संख्येचे आठ अब्जांहून अधिक वेळा वर्ग करावे लागतील, आणि ती मूळ की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही.